‘ई’ अक्षरापासून पुढची सत्यवती

कांदळबंदरच्या तिठ्यावर मासे विकणाऱ्या सत्यवतीचा एक नियम होता आणि तो गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ज्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याला सांगता येत नाही, तो शब्द त्याने तिच्यावर वापरायचा नाही. मग तो गिऱ्हाईक असो, तलाठी असो, नाहीतर ओरोसहून आलेला जिल्ह्याचा साहेब. कोणी तोऱ्यात एखादा इंग्रजी शब्द फेकला की विळीवरचा तिचा हात थांबायचा. इसवण अर्धी कापलेली, अर्धी अख्खी.

‘‘बोललंस मा? आता सोडव,’’ ती म्हणायची.

शब्द सोडवल्याशिवाय उरलेली अर्धी इसवण मिळत नसे. पुष्कळ माणसं अर्धीच घेऊन घरी गेली आहेत.

मालवणच्या उत्तरेला, खाडी समुद्राला मिळते तिथे हे गाव. मालवणचा रस्ता, कणकवलीचा रस्ता आणि बंदरावर उतरणारी वाट, अशा तीन वाटा एकत्र येतात तो तिठा. मधोमध वड, वडाच्या बुंध्याशी राखणदाराचा पाषाण आणि सावलीत ओळीने अकरा चिरे. जांभ्या दगडाचे, बसून बसून गुळगुळीत झालेले. एकेका चिऱ्यावर एकेक बाई. सत्यवतीचा चिरा डावीकडून तिसरा. तो तिच्या सासूचा, यमुनाबाईंचा, आणि त्याआधी यमुनाबाईंच्या सासूचा.

या चिऱ्यांचा कागद कुठेही नाही. रीत आहे. सासूचे गुडघे बोलायला लागले की ती एका सकाळी सुनेला घेऊन तिठ्यावर येते, कळशीभर समुद्राच्या पाण्याने चिरा धुते, सुनेला त्यावर बसवते आणि मागे न बघता घरी जाते. त्या दिवसापासून सासू तिठ्यावर बसत नाही. चौऱ्याहत्तर साली यमुनाबाईंनी सत्यवतीला असं बसवलं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि मॅट्रिक नापास होती.

नापास फक्त इंग्रजीत. सदुसष्ट साली एकोणतीस मार्क पडले. तिच्या मागच्या बाकावर बसणारा भाई छत्तीस मार्कांनी पास झाला, पुढे सोसायटीत चिकटला आणि यथावकाश गावाचा सरपंच झाला. सत्यवतीचं लग्न झालं. सात मार्कांचा फरक. एवढ्यावर माणसाची हुशारी ठरवणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथे लिहिता येणार नाही.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात गणपत मास्तर वारले. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे ते. सत्यवतीला एकोणतीस मार्क पडले तेही त्यांच्याच वर्गात. मुंबईचा मुलगा आला, घराला कुलूप लावलं, आणि जाताना एक पोतंभर पुस्तकं तिठ्यावर आणून ओतली. सुक्या बांगड्यांचे दोन वाटे घेऊन गेला. सत्यवतीलाही बरंच झालं. पावसाळ्यात होड्या बंद, सुक्या मासळीचाच धंदा, आणि गोलमा बांधायला कागद हवाच. गोलमा म्हणजे सुका जवळा. तो वर्तमानपत्राच्या घडीतून सांडतो, पुस्तकाच्या पानात नीट बसतो.

त्या पोत्यात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. पुठ्ठा गेलेला, पानं कांद्याच्या पापुद्र्यासारखी. पहिल्याच दिवशी प्रस्तावना संपली. आठवड्याभरात ए, बी आणि सी हे विभाग गोलम्याबरोबर गावाच्या चुलीपर्यंत पोचले. डी शुक्रवारी संपला. सत्यवती ‘ई’चं पहिलं पान फाडणार एवढ्यात वाऱ्याने कोश मधेच उघडला. पान दाबायला तिने हात ठेवला, आणि बोटाखाली तिला एक शब्द दिसला. मंगूस. त्यापुढे कंसात बारीक अक्षरात: मराठी.

तिला इंग्रजी वाचता येत होतं, पण ओहोटीच्या चिखलातून गुडघाभर पाय उपसत जावं तसं. तिने ती ओळ चार वेळा वाचली. मग शेजारच्या चिऱ्यावरच्या लीलाला हाक मारली.

‘‘गो लीला, आपलो मुंगूस इंग्रजांनी नेल्यानी.’’

‘‘कधी? खंयचो?’’ लीला मागे वळून वडामागच्या झुडपांकडे बघायला लागली.

‘‘पुस्तकात नेल्यानी. हय लिवला आसा. शब्द मराठी म्हणान.’’

‘‘परत दिल्यानी काय?’’

‘‘इंग्रजांनी काय परत दिला आसा आजपर्यंत?’’

त्या दिवशी गिऱ्हाइकांना गोलमा केळीच्या पानात मिळाला. कोश घरी पत्र्याच्या डब्यात गेला, कसर लागू नये म्हणून दोन कापराच्या वड्या टाकून. ज्या भाषेने आपल्याला पाच-सहा मार्कांसाठी दाराबाहेर ठेवलं, त्या भाषेच्या घरात आपला मुंगूस आधीच जाऊन बसलाय, ही गोष्ट सत्यवतीच्या डोक्यातून जाईना. मग घरात आणखी कोण कोण कुठून आलंय, ते तरी बघू, म्हणून ती रोज दुपारी एक शब्द वाचायला लागली. शाळेतल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीची फाटकी प्रत एका हाताशी, कोश मांडीवर.

अडचण एकच होती. कोशातल्या खुणांचा खुलासा प्रस्तावनेत होता आणि प्रस्तावना गावाने खाल्ली होती. शब्दापुढे ‘एल’ असं नुसतं अक्षर असायचं. सत्यवतीने त्याचा अर्थ लावला, लंका. सहा महिने ती सगळ्यांना छातीठोक सांगत होती की इंग्रजीतले निम्मे शब्द रावणाच्या घरचे आहेत. बायकांना ते पटलंही होतं. शेवटी भाई एकदा पेडवे घ्यायला आला तेव्हा पोट धरून हसला.

‘‘लंका नाय गो बाये, लॅटिन. लॅटिन भाषा.’’

‘‘तुका कसा म्हायत?’’

‘‘मी पास झालंय नाय?’’

सत्यवतीने त्याच्या पिशवीत दोन पेडवे जास्त टाकले. चूक कळली की ती मान्य करायला तिला कधी जड गेलं नाही. मात्र त्या रात्री जेवताना ती सुनेला, संजनाला, म्हणाली, ‘‘छत्तीस मार्कांका एल कळता. एकोणतीसाक उरलेला सगळा कळतला.’’

आणि कळत गेलं. सॅलरी या शब्दाच्या पोटात मीठ आहे हे तिने शिरोड्याच्या मिठागरात काम केलेल्या एका म्हाताऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग माझ्या पगारात नुसता मीठच कसा इला?’’ व्हिलन म्हणजे मुळात खेड्यातल्या वाडीवर राबणारा गडी, हे तिने वाचलं आणि बोलपटातल्या व्हिलनांबद्दल तिचं मत बदललं. सारकॅझम, म्हणजे टोमणा, याचं मूळ मांस ओरबाडणं. त्यावर लीला विळी पुसत म्हणाली, ‘‘मग माझो तो धंदोच.’’

एके दिवशी ‘एफ’मध्ये तिला स्वतःच सापडली. फिशवाइफ. पहिला अर्थ, मासे विकणारी बाई. दुसरा अर्थ, तोंडाळ, शिवराळ, कर्कश बाई. सत्यवतीने ते पान बाजारात आणलं आणि दहा बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

‘‘म्हणजे विलायतेत पण आमच्यासारके आसत?’’ लीलाने विचारलं.

‘‘आसत. आणि थयल्या बापयांका पण उत्तर सुचाना, म्हणान तेंनी आमच्या नावाची शिवी करून ठेयली. पण वाइफ म्हणजे मूळचा बायको न्हय हां. नुसती बाई. कोणाची न्हय. आपापली.’’

बायकांनी ‘आपापली’ हा शब्द एकेकदा म्हणून बघितला. मग कोपऱ्यावरची एक म्हणाली, ‘‘घोवाक सांगूक होया.’’

गावाने तिला ‘डिक्शनरीबाय’ नाव ठेवलं. तिने ते ठेवून घेतलं. डी गेलेला असल्यामुळे डिक्शनरी या शब्दाचं मूळ तिला ठाऊक नव्हतं, पण अर्थ ठाऊक होता, म्हणून नियमात बसत होतं.

जिल्हा पर्यटनाचा झाला होताच, त्याची झळ मग कांदळबंदरला लागली. दोन हजार चार साली पर्यटनाचं प्रशिक्षण द्यायला एक बाई आली. नाकाला रुमाल लावून तिठ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘तुमच्याकडे हायजीन नाही.’’

‘‘सोडवा.’’

‘‘हायजीन म्हणजे... स्वच्छता.’’

‘‘ग्रीक लोकांची देवी ती, आरोग्याची. आमच्या सातेरीसारकी. तिचा नाव घेतास तर आदी व्हाणो काढा. राखणदाराच्या पुढ्यात चपला घालून उभ्या आसात.’’

बाईने चपला काढल्या. मग सुरमईही घेतली, तोवर सुरमईला इसवण म्हणायलाही शिकली होती.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. दोन हजार सहाच्या मे महिन्यात ते थांबलं.

तिठ्याचं सुशोभीकरण करायचं ठरलं. वडाखाली रंगीत फरशा, पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग, रस्त्यावर स्वागताची कमान. अकरा बायकांना बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं. ती शेड तिठ्यापासून अर्ध्या मैलावर, गवत कापायलाही कोणी तिकडे जात नाही. तिथे मासे कुत्र्यांना विकायचे असतील तर गोष्ट वेगळी. नोटीस पंचायतीच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवली होती, म्हणजे दार उघडं असलं की ती भिंतीकडे तोंड करून उभी. गावाला माहिती करून द्यायची ही पद्धत.

लीलाच्या नवऱ्याने ती दार लावताना पाहिली म्हणून कळलं. त्या संध्याकाळी संजना चुलीपुढे बसून बोलली. ती एरवी फार बोलणारी नव्हे.

‘‘आये, येत्या दिवाळीक तुमी माका चिरो देतलास म्हणाललास.’’

‘‘देतलंय.’’

‘‘चिरोच देतलास मा? का पत्र्याची शेड?’’

सत्यवती कोश काढायला उठली.

‘‘तां ऱ्हवांदे,’’ संजना म्हणाली. ‘‘माका शब्द नको. माका चिरो होयो.’’

जुलैच्या ग्रामसभेला समाजमंदिर भरलं. भाई सरपंच टेबलामागे, शेजारी ग्रामसेवक पुष्कर भाऊसाहेब. तरुण मुलगा, घाटावरचा, चार महिन्यांपूर्वी आलेला. वाईट नव्हता. कागदावर जे असतं तेच जगात असतं, एवढाच त्याचा गैरसमज होता. त्याने ठराव वाचला: तिठ्यावरील एन्क्रोचमेंट व पब्लिक न्यूसन्स हटवून पार्किंगची सोय करणेबाबत.

सत्यवती उभी राहिली. ‘‘एन्क्रोचमेंट म्हणजे काय?’’

‘‘अतिक्रमण.’’

‘‘ता वजनाक तेवढाच. सोडवा.’’

‘‘दुसऱ्याच्या जागेत शिरणं, बाई.’’

‘‘तेच्या पोटात गळ आसा, भाऊसाहेब. मासो धरूचो गळ. जुन्या फ्रेंच भाषेतलो शब्द. गळ टाकून दुसऱ्याचा आपल्याकडे ओढूचा, ता एन्क्रोच. आता माका सांगा, माझी आजेसासू त्या चिऱ्यार बसली तेव्हा पंचायत खंय होती? कोणी कोणाक गळ टाकल्यान?’’

मागून हशा आला. भाई टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, ‘‘सत्यवती, इंग्रजीचो तास नंतर घे.’’

‘‘तूच घेतलंस. मराठी गावाच्या ठरावात चार शब्द इंग्रजी. पार्किंग. पार्क म्हणजे मूळचा राजाच्या शिकारीची जनावरा कोंडून ठेवची जागा. गाड्यांतसून येतत तेंका सांगितलास काय ह्या?’’

आता मोठा हशा. पुष्कर भाऊसाहेबाचे कान लाल झाले. तो म्हणाला, ‘‘बाई, हे सगळं फार ट्रिव्हिअल आहे. आपण मतदान घेऊ.’’

सत्यवतीचा चेहरा उजळला. ‘टी’ तिच्याकडे अख्खा होता.

‘‘ट्राय म्हणजे तीन, व्हिआ म्हणजे वाट. तीन वाटा मिळतत तो तिठो. तिठ्यार उभ्यान माणसा बोलतत ती गोष्ट ट्रिव्हिअल. बरोबर बोललास, भाऊसाहेब. ही तिठ्यावरचीच गोष्ट आसा. मग तेचो निकाल तिठ्यारच होवंदे.’’

‘‘तिठ्यार निकाल लावूक हो काय शिमगो आसा?’’ भाई म्हणाला. ‘‘ठरावाच्या बाजूचे, हात वर.’’

आणि भाईने सभेवरून सावकाश नजर फिरवली. कोणाचा मुलगा सोसायटीत, कोणाचं घर दुरुस्तीच्या यादीत, कोणाला नळ हवा. हात वर गेले. आधी पुढच्या रांगेतले, मग मधल्या, मग तेही, जे क्षणापूर्वी हसत होते. ठराव मंजूर झाला. नारळी पुनवेनंतर आठ दिवसांत चिरे उचलायचे.

हे स्पष्टच सांगायला हवं. सत्यवती ती सभा हरली. तिचा एकही अर्थ चुकला नव्हता आणि एकाही अर्थाने एकही हात खाली आणला नाही. घरी येऊन तिने डबा उघडला नाही. दोन दिवस उघडला नाही. मच्छी कापताना कोणी शब्द टाकला तरी ती विळी थांबवेना, आणि तिठ्यावर लोकांना ते चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी संजनाच डबा घेऊन समोर बसली.

‘‘माका शब्द नको म्हटलंय ता रागान म्हटलंय. भाईन हात वर करूक लावले. त्या हातांका कोणी शब्दान बांधूचा नाय काय? हात वर करतत, उद्या परत खाली करतत. प्रॉमिस म्हणान काय असता का नाय?’’

‘‘सोडव,’’ सत्यवती सवयीने म्हणाली.

‘‘तुमीच सोडवा.’’

‘पी’ उघडला. प्रॉमिस: लॅटिनमधून. पुढे पाठवलेलं. सत्यवती त्या ओळीकडे बघत राहिली. पुढे पाठवलेला शब्द. ग्रामसभेत कोणी कुठे काही पाठवत नाही. हात वर जातो, हात खाली येतो, चहा पिऊन माणूस घरी जातो. या गावात शब्द पुढे पाठवायची जागा एकच होती आणि ती समाजमंदिरात नव्हती. ती हसली. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

‘‘संजना, पुनवेक भाई नारळ धरता मा?’’

‘‘सरपंच झाल्यापासून तोच धरता.’’

‘‘दोनव हातांनी?’’

‘‘एवढो सजवलेलो नारळ एका हातान कसो धरतलो? कित्याक?’’

सत्यवतीने डब्यात नव्या कापराच्या वड्या टाकल्या.

कांदळबंदरला नारळी पुनवेची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून निघते आणि बंदरावर जाण्याआधी तिठ्यावर थांबते. तिथे राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला उभ्या गावासमोर मोठ्याने सांगणं आणि मागणं. घालणारा एक वाक्य म्हणतो, गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतं. तो होकार देवाच्या कानावर पडला की गावाचा झाला. तो परत घेऊन दर्यात कोणी होडी लोटत नाही. हा मान गावकरांचा, म्हणजे देवाच्या कामातल्या वडिलधाऱ्या मानकऱ्याचा, आणि त्या वेळी गावकर होते हरिश्चंद्र, वय वर्षं ब्याऐंशी. आवाज अजून घंटेसारखा, पण दमा. तिसऱ्या वाक्यानंतर ते थांबतात, चार श्वास घेतात, मग पुढे. अख्ख्या गावाला हे पाठ होतं. गाव हात जोडून, डोळे मिटून त्या चार श्वासांची वाट बघत असे.

त्या वर्षी ऊन पडलं होतं. भाई जरीच्या कापडात बांधलेला नारळ छातीशी धरून सगळ्यात पुढे. त्याच्यामागे पुष्कर भाऊसाहेब, ढोलवाले, तांडेल, पोरंबाळं. बायका नेहमीप्रमाणे वडाच्या पलीकडे, आपापल्या चिऱ्यांपाशी.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ हरिश्चंद्रांनी सुरुवात केली.

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘पुनवेच्या दिसाक गावान जो काय नारळ तुझ्या पुढ्यात आणल्यान आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘दर्यात जाणाऱ्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

हरिश्चंद्र थांबले. पहिला श्वास. आणि वडाच्या पलीकडून, त्याच चालीत, त्याच सुरात आवाज आला.

‘‘बा राखणदारा, तिठ्याच्या धन्या म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ गाव म्हणालं. जन्मापासूनची सवय. डोळे मिटलेले.

‘‘तुझ्या सावलीत अकरा चिरे आसत, ते पंचायतीच्या आदीपासून आसत रे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘त्या चिऱ्यांवरच्या बायांनी कोणाच्या जाग्यात गळ टाकूक नाय, कोणाक इजा करूक नाय रे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

काही डोळे उघडले होते. पण आवाज ओळीत होता आणि ओळीतून एकट्याने बाहेर पडणं सोपं नसतं. सगळ्यात मोठा आवाज नेहमीप्रमाणे पुढच्या माणसाचा. पुष्कर भाऊसाहेबही पाच महिन्यांत शिकला होता. तो शुद्ध मराठीत ‘होय महाराजा’ म्हणत होता.

‘‘तेंका उठवूक जो काय कागद लावलेलो आसा, तो लावणाऱ्याच्याच हातान उतरू दे रे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

भाईचा आवाज वडाच्या पारंब्यांवरून बंदरापर्यंत गेला. मग त्याने डोळे उघडले. ढोलवाल्याचा हात हवेत राहिला. गर्दीत कुठेतरी एक पोर खुदकन हसलं आणि त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

‘‘थांबा,’’ भाई म्हणाला. ‘‘थांबा थांबा. ह्या काय गाऱ्हाणा न्हय. बायमाणसान घातलेला. गावकरांनू, तुमी सांगा.’’

हरिश्चंद्रांचे चार श्वास केव्हाच झाले होते. पुढेही ते गप्प राहिले होते, हे सत्यवतीने पाहिलं. त्यांनी काठी सरळ केली.

‘‘भाई, आवाज कोणाचो मोठो होतो?’’

भाईने नारळ सावरला.

‘‘घातल्यान कोणी, ता राखणदार बघना नाय. व्हय कोणी म्हटल्यान, ता बघता.’’

‘‘अहो, पण ठराव झालो आसा. वरती पाठवलो आसा.’’

तेव्हा बाबू तांडेल पुढे आला. गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची, आणि सभेत त्याचाही हात वर होता. ‘‘भाई, उद्या पयली होडी माझी जातली. माझी सोळा माणसा. आता ह्यो व्हय खोटो पाडून मी होडी लोटूचंय नाय. तू लोटतलंस तर लोट.’’

भाई नारळ धरून उभा. खाली ठेवता येईना, कोणाच्या हातात देता येईना. तो सत्यवतीकडे वळला.

‘‘ह्या तू ठरवन केलंस.’’

‘‘ठरवनच केलंय,’’ ती म्हणाली. ‘‘सभेत मी बोललंय, तर तू हात वर करून मोकळो झालंस. आज तुझे हात नारळान भरलेले. तोंड तेवढा रिकामा होता.’’

‘‘सदुसष्ट साली पास झाली असतंस,’’ भाई दात ओठ खात म्हणाला, ‘‘तर माझो पिच्छो तरी सुटलो असतो.’’

‘‘तेव्हा मागच्या बाकार बसान माझा बघून लिवलंस. आता पुढे उभो राहून माझ्या मागसून बोललंस. सवय ती सवय.’’

छत्तीस मार्कांचं ते रहस्य एकोणचाळीस वर्षं तिने पोटात ठेवलं होतं. गाव हसलं, आणि यावेळी भाईने नजर फिरवली तरी थांबलं नाही. हरिश्चंद्रांनी काठी आपटली, राहिलेलं गाऱ्हाणं पुरं केलं, आणि नारळ दर्यात गेला.

नोटीस भाईने दुसऱ्या सकाळी काढली. खळ घट्ट होती, नखाने निघेना. सत्यवती खवले काढायची सुरी घेऊन पंचायतीत गेली, त्याच्या हातात दिली आणि कागदाचा शेवटचा तुकडा सुटेपर्यंत दारात उभी राहिली. पंधरा ऑगस्टच्या सभेत ठराव मागे घेतला. पुष्कर भाऊसाहेबाने इतिवृत्तात लिहिलं, ‘तांत्रिक कारणास्तव रद्द’.

‘‘तांत्रिक म्हणजे काय?’’ सत्यवतीने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि ती ओळ खोडली. त्याखाली लिहिलं, ‘गावाने तिठ्यावर शब्द दिला असल्याने रद्द’. वरच्या ऑफिसातून त्यावर खुलासा मागवणारं पत्र आलं. त्याने खुलासा पाठवला, तोही साध्या मराठीत. शिकणारा मुलगा होता.

दिवाळीच्या पाडव्याला सत्यवतीने कळशीभर समुद्राचं पाणी आणलं, डावीकडून तिसरा चिरा धुतला आणि संजनाला बसवलं. संजनाने पदर खोचला, विळी मांडली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला भाव असा सांगितला की लीलाने कानाला हात लावला. सत्यवती मागे न बघता घरी गेली. रीत ती रीत.

चार दिवस घरी बसली. पाचव्या दिवशी बाबू तांडेलच्या टेम्पोतून एक कोरा, ताशीव चिरा तिठ्यावर उतरला. सत्यवतीने तो वडाखाली, ओळीच्या पुढे, रस्त्याच्या कडेपासून चांगला हातभर आत डांबरावर ठेवून घेतला आणि कोश मांडीवर घेऊन त्यावर बसली. पुढ्यात मासे नाहीत, विळी नाही.

लीला म्हणाली, ‘‘गो, सासू परत बसना नाय.’’

‘‘आपल्या चिऱ्यार बसना नाय. बाराव्या चिऱ्याची रीत कोणी सांगल्यान नाय.’’

भाई स्कूटरवरून आला. चिरा वाटेत. त्याने ब्रेक दाबला, खाली उतरला, चिऱ्याकडे पाहिलं, डांबराकडे पाहिलं.

‘‘ही जागा रस्त्याची आसा, सत्यवती.’’

‘‘म्हायत आसा.’’ तिने चष्मा वर केला. ‘‘ह्या मात्र एन्क्रोचमेंट. गळ टाकून घेतलंय. काढ नोटीस.’’

भाईने स्कूटर चिऱ्याला वळसा घालून नेली. पुढे कित्येक वर्षं तिथून जाणारी प्रत्येक गाडी तोच वळसा घेत होती. पर्यटकांच्या बससुद्धा.